खिडकीत लाल दिसलं नाही

धाकट्या सुनेला घरात सगळे मुकी म्हणत. मुकी नव्हती, पण विचारल्याशिवाय तोंड उघडायची नाही. गेल्या थंडीत तिची आई गेली, तरी डोळ्याला पाणी नाही. चौथ्या दिवशी कामावर हजर. सासू म्हणायची, "हिला आज टाचणी टोचली तर उद्या 'आई गं' म्हणेल."

तिचं काम कंप्युटरचं. रक्त तपासायच्या एका लॅबमध्ये जुना प्रोग्रॅम होता. त्याच्या खिडकीत रिपोर्ट दिसायचे ते मुंग्यांच्या रांगेसारखे, नुसते काळे. मुकीला सांगितलं, वेबपानासारखं नटवून दाखव. तक्ता, ठळक मथळा, आणि बिघडलेला आकडा लाल. तिनं पान लिहिलं, रंगांच्या सूचना वेगळ्या फाइलीत ठेवल्या आणि ब्राउझरमध्ये उघडून पाहिलं. पान नवरीसारखं सजलं होतं. मग लॅबच्या खिडकीत एकच रिपोर्ट उघडला. तो निघाला धडधाकट माणसाचा, त्यात लाल व्हायला काही नव्हतंच. तक्ता दिसला, मथळा दिसला, मुकी घरी गेली.

पण ती खिडकी जुन्या वळणाची. हातात द्याल तेवढं घेणार, शेजारच्या खोलीतलं उठून आणणार नाही. रंगांची फाइल त्या खिडकीनं उघडलीच नव्हती. लॅबमध्ये रिपोर्ट वाचणाऱ्या बाईंना सांगितलेलं, लाल दिसेल तेवढंच बघा. आठ दिवस लाल दिसेना, आणि बाई सगळ्यांना "ठीक आहे" सांगत सुटल्या.

नवव्या दिवशी त्यांनी मुकीला बोलावलं. "अगं, हा आकडा दुप्पट झालाय, आणि काळाच कसा?"

मुकीनं रंग त्या त्या ओळीतच लिहिला, शेजारी 'जास्त' असा शब्दही घातला. अर्ध्या तासाचं काम. मग आठ दिवसांचे रिपोर्ट पुन्हा उघडले. तीन लाल निघाले. दोघे कालचे, त्यांना बाईंनी लगेच कळवलं. तिसरे बसचे निवृत्त ड्रायव्हर. किडनीचा आकडा, सहा दिवसांपूर्वीचा.

मुकीचे साहेब म्हणाले, "जुन्या प्रोग्रॅमवर खापर फोड. तो बिचारा काय उलटून बोलणार आहे? नाहीतर लॅबचं कंत्राट आपल्या हातून जाईल."

"जाऊ दे," मुकी म्हणाली. निवलेला चहा ओतून टाकावा तशी.

फोन तिनंच लावला. ड्रायव्हरच्या बायकोनं उचलला.

"काकू, लॅबमधून बोलतेय. काकांचा रिपोर्ट ठीक आहे म्हणून सांगितलं होतं. तो ठीक नाही. आमच्या खिडकीत लाल दिसायला हवं होतं, दिसलं नाही. चूक माझी."

पलीकडे वाहता नळ बंद केल्याचा आवाज आला.

"मी म्हणत होते पाय सुजलेत. तर मलाच म्हणाले, रिपोर्टवाल्यांपेक्षा तू शहाणी का?" मग म्हणाल्या, "आता काय करू?"

"आत्ताच मोठ्या दवाखान्यात न्या. बाईंनी तिथं कळवलंय."

"तू रडतेस का गं?"

"नाही."

"बरं. मग पत्ता सावकाश सांग. मला लिहायला वेळ लागतो."

मुकीनं सांगितला. काकूंनी तीनदा विचारला, तीनदा सांगितला.

काकांना त्याच दुपारी ठेवून घेतलं. पुढचं अजून कुणी नक्की सांगत नाही. कंत्राट गेलं. मुकी रोज संध्याकाळी काकूंना फोन लावते, जेवलात का विचारते, आणि ठेवते.