पाठ केलेली नजर

आमच्या गावात पोरं बाराखडीच्या आधी डोळे तपासायचा तक्ता शिकायची. मेढ्याच्या अंगाचं डोंगरातलं गाव, घरटी एक माणूस फौजेत. रजेवर आलेला जवान ट्रंकेतून दुसरं काही आणो न आणो, भरतीच्या तक्त्यावरची अक्षरं घेऊन यायचाच. मग संध्याकाळी पारावर पोरं ओळीनं बसायची आणि तळहातानं डावा डोळा झाकून घोकायची: ई... एफ पी... टी ओ झेड... एल पी ई डी. सूर इतका चढा, की आमच्या म्हशी 'टी ओ झेड' ऐकलं की पाणी प्यायच्या थांबायच्या आणि 'एल पी ई डी' पुरं झाल्याशिवाय पुन्हा तोंड घालायच्या नाहीत. खोटं वाटत असेल तर म्हशींना विचारा.

या विद्येची मला सगळ्यांत जास्त गरज होती, पण ते मला ठाऊक नव्हतं. जवळचं मला असं दिसायचं, की मुंगीच्या मिशा मोजाव्यात. हातभर पुढं मात्र सगळं दुधात बुडवलेलं. एकदा बुजगावण्याला चुलता समजून रामराम घातला आणि उलट रामराम आला नाही म्हणून चुलत्याशी आठ दिवस अबोला धरला. जग सगळ्यांना असंच दिसतं, हे मी धरून चाललो होतो. दुसऱ्याचे डोळे उसने घेऊन बघता येत नाहीत, मग आपले अधू आहेत हे माणसाला कळावं कसं?

वडील, म्हणजे आमचे आबा, हवालदार होऊन पेन्शनीत निघालेले. एकाहत्तरची लढाई होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, आणि मी त्यांच्याच पलटणीत जाणार हे त्यांनी मी पाळण्यात असतानाच ठरवलं होतं. अठरा पुरी होताच मला घेऊन ते साताऱ्याला भरतीला आले. धावलो, छाती फुगवली, उंचीत बसलो. शेवटची खोली डोळ्यांची. आबा फाटकाबाहेर थांबले.

मी आत गेलो, जमिनीवरच्या पांढऱ्या रेघेवर टाचा जुळवल्या, डावा डोळा झाकला, समोर भिंतीवर काहीतरी पांढरं होतं त्याच्यावर नजर रोखली आणि सुरू झालो. एका दमात शेवटच्या ओळीपर्यंत. एक अक्षर चुकलं असेल तर शपथ!

डॉक्टर परमुलखातला होता. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बहुत अच्छा, जवान. अब पीछे मुड."

वळलो. तक्ता माझ्या पाठीमागं होता. समोर मी जे वाचलं ते भिंतीवरचं कॅलेंडर.

तो इतका हसला, की बाहेरच्या रांगेतली पोरं आत डोकावली. मग हसू आवरून त्यानं मला खुर्चीवर बसवलं, नाकावर लोखंडी चौकट चढवली आणि एकेक भिंग तिच्यात घालत-काढत राहिला. एक भिंग बसलं आणि खिडकीबाहेरचं मैदान एकदम जागेवर आलं. मैदानाच्या टोकाला फाटक. फाटकाशी आबा. इतक्या लांबून मी आबांना कधी पाहिलंच नव्हतं. जवळ असले की ते कायम हवालदार. आणि तिथं, कुणी आपल्याकडं बघत नाही अशा समजुतीत, ते टाचा जुळवून उभे होते, डावा डोळा तळहातानं झाकलेला, ओठ हलताहेत. आत मी अजून म्हणतोय असं धरून माझ्याबरोबर तक्ता म्हणत होते.

डॉक्टरनं चौकट काढून घेतली. आबा पुन्हा दुधात गेले. हातात चिठ्ठी आली, इंग्रजीत, बारीक अक्षरांत: नापास, लांबची नजर कमजोर.

फाटकाशी आबांनी ती घेतली. आधी छातीजवळ धरली, मग हात लांब केला, मग मान मागं नेली. हात संपला, पण चिठ्ठी काही त्यांच्या मनासारखी लांब जाईना.

"उजेड कमी हाय हितं," ते म्हणाले. "तूच वाच."

भर दुपार होती. डांबर वितळून वहाणांना चिकटत होतं.

मी चिठ्ठी घेतली. पण तो डोळ्यावरचा तळहात काही केल्या नजरेपुढून हलेना. "डोळ्यांस्नी इश्रांती द्या," मी वाचलं, "आनि सहा म्हयन्यांनी परत या."

आबांनी घडी घालून चिठ्ठी वरच्या खिशात ठेवली. गावात कुणी विचारलं की ती दाखवायचे नाहीत, नुसता खिसा थोपटायचे. "सहा म्हयन्यांनी बोलावलंय!"

मग गावानं माझे डोळे हाती घेतले. आई तळपायांना लोणी चोळायची. कुणी मध घालायला सांगितला. तीन दिवस पापण्या चिकटून बसल्या. गाजरं इतकी खाल्ली, की गावातली घोडी माझ्याकडं आपुलकीनं बघायला लागली. आणि दर महिन्याला आबा बोटं मोजायचे: चार राहिले, तीन राहिले. ते खिसा थोपटायचे तेव्हा थाप माझ्या छातीत वाजायची.

एक महिना राहिला तेव्हा आबा म्हणाले, "आत्याकडं सांगलीला जाऊ. तितं चष्म्याचा जानकार मानूस हाय. डोळं एकदा बगून घेऊ, मग भरती."

सांगलीच्या त्या चष्मेवाल्यानं माझ्या नाकावर तशीच चौकट चढवली. "डोळ्यात मागं पडदा असतो. पोराचं चित्र पडद्याच्या अलीकडंच पडतंय. वजा नंबरचं भिंग ते ढकलून पडद्यावर नेतं."

"आनि गाजरं?" आबा म्हणाले.

"खाऊ द्या की. नंबर जात न्हाई त्यानं." मग त्यानं बारीक अक्षरांचा एक पुठ्ठा आबांच्या हातात दिला. आबांचा हात लांब गेला. "पावनं, हात आखूड पडाय लागला व्हय?"

"आमची नजर घारीची हाय."

"आसंल की! पर घारीला पोथी वाचाय सांगितलीय का कुनी? चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठरतं, जवळच्याला वाकंना हुतं. समद्यांचं हुतं, फौजेतल्यांचं बी." आणि त्यानं अधिक नंबरची चाळिशी आबांच्या नाकावर ठेवली.

आबांनी पुठ्ठा बाजूला केला आणि वरच्या खिशात हात घातला.

पाच महिन्यांत चिठ्ठीच्या घड्या विरल्या होत्या. त्यांनी ती हातभरावर नाही, पोथीसारखी धरली. फौजेत शिकलेलं इंग्रजी जुळवत ओठ हलायला लागले. जन्मभर सगळं धुरकट दिसलं, आणि नेमकं आत्ता, चौकट नाकावर असताना, मला त्यांची पापणी न् पापणी दिसत होती.

"आवं," ते चष्मेवाल्याला म्हणाले, "ह्यात सहा म्हयने कुटं दिसंनात. नंबर वाढवा जरा."

"कसलं सहा म्हयने?"

"आबा," मी म्हणालो, "ते लिवलेलंच न्हाई."

"दिसतंय मला." चिठ्ठीवरून नजर न काढता ते म्हणाले, "त्या दिशी उजेड बी कमी न्हवता."

मग त्यांनी डोळे वर करून रस्त्याकडं पाहिलं आणि दचकले.

"चाळिशीतनं लांब बघू नका," चष्मेवाला म्हणाला. "समदं धुरकट दिसंल. तुमच्या पोराला बिनचष्म्याचं दिसतं, तसं."

आबा चाळिशी काढणार होते, तो हात तसाच थांबला.

"समोरनं येतंय ते काय हाय रं? म्हस?"

"सायकलवाला हाय, आबा."

"बारकं असल्यापास्नं असंच दिसतंय तुला?"

"व्हय."

"म्हंजी ते बुजगावनं..."

"चुलताच वाटला हुता."

आबा हसले.  मग चाळिशी नाकावर तशीच ठेवून खुर्चीतून उठले, दुकानाच्या उंबऱ्याशी गेले, टाचा जुळवल्या, तळहातानं डावा डोळा झाकला आणि रस्त्यापलीकडच्या दुकानाच्या पाटीकडं बराच वेळ बघत राहिले.

"गड्या," ते म्हणाले, "पैलं अक्षर बी दिसत न्हाई रं."