भिंतीपलीकडे बघणारे सर

मारुती मंदिराच्या चौकातून जरा आत, झेरॉक्सच्या दुकानावरच्या मजल्यावर एक सायबर कॅफे होता. मी तेव्हा बीएस्सीला होते. गावात ब्रॉडबँड नुकतं आलं होतं. ईमेल बघायला म्हणून मी आतेभावाबरोबर तिथे जायचे. एकदा तिथल्या पोरांच्या खेळात एक माणूस कमी पडला, तर आतेभावाने मलाच खुर्चीत बसवलं आणि हातात माउस दिला.

खेळ बंदुकांचा होता. दोन टोळ्या, एक ओसाड गाव, बोळ, गोदामं, आणि कोपऱ्याकोपऱ्यावर दबा धरून बसलेली माणसं. मला तो लवकर जमला. कारण साधं होतं. बाकीचे खेळताना आरडाओरडा करायचे, गाणी लावायचे. मी हेडफोन घालून गप्प बसायचे आणि पावलांचे आवाज ऐकायचे. भिंतीमागून कोण येतंय, कुठे थांबलंय, ते ऐकूनच कळायचं.

तिथे एक सर यायचे. शेजारच्या इमारतीत त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता. लग्न झालेला, इस्त्रीचा शर्ट घालणारा, खिशाला पेन लावणारा माणूस. आमच्यातले निम्मे त्यांचे विद्यार्थी होते, त्यामुळे ते आले की कुणीतरी उठून जागा द्यायचं. सर नेहमी भिंतीला पाठ लागेल अशी खुर्ची घ्यायचे, खिशातला पेनड्राइव्ह लावायचे आणि मग शाळकरी पोरांना धडाधड मारायचे. मारून वर उपदेशही करायचे.

"अरे, डोकं वापरा जरा. हा खेळ डोक्याचा आहे."

पोरं माना डोलवायची. मीसुद्धा काही दिवस त्यांना हुशार समजत होते, याची मला आजही लाज वाटते.

मग मी त्यांना अधूनमधून मारायला लागले. ते काही त्यांना पचलं नाही. एका संध्याकाळी मी लागोपाठ त्यांना टिपलं, तशी त्यांनी हेडफोन काढून टेबलावर आपटला.

"ही काहीतरी चोरीचा प्रोग्राम लावून खेळते. नाहीतर मुलीला इतकं जमेल?"

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सगळे विचारात पडले. घरी जाताना आतेभाऊ हळूच म्हणाला, "काय गो, तू खरंच काही लावलेलं नाहीस ना?"

दुसऱ्या दिवसापासून मला काउंटरशेजारच्या मशीनवर बसवलं. कॅफेचे काका चष्मा कपाळावर चढवून माझ्या स्क्रीनकडे बघत राहायचे. चोरी पकडायला बसवलेल्या माणसासमोर खेळून बघा म्हणजे कळेल. मी तिथेही जिंकले. सर म्हणाले, "आज सावध होती ती."

पुढे पुण्याच्या एका टोळीशी इंटरनेटवरून सामना ठरला. आमचे कप्तान अर्थातच सर. आम्ही जिंकलो. सरांनी सगळ्यांना वडापाव खाऊ घातला आणि आपल्या डोक्याचं कौतुक तृप्त चेहऱ्याने ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी खेळायला बसलो तर पुण्याच्या ज्या सर्व्हरवर सामना झाला, तो आम्हाला आतच घेईना. एकाला नाही, कुणालाच नाही. पुण्याच्या लोकांनी आमच्या कॅफेवरच बंदी घातली होती. कनेक्शन सगळ्यांचं एकच, त्यामुळे एकाच्या पापात सगळे गेले. आतेभाऊ भडकला. त्याने त्यांच्या कप्तानाला चॅटवर यथेच्छ शिव्या घातल्या. तिकडून उत्तर आलं, "शिव्या मागाहून द्या. आधी हे बघा." सोबत कालच्या सामन्याचं रेकॉर्डिंग होतं. त्यात कुठल्याही खेळाडूच्या नजरेतून खेळ बघता यायचा.

काउंटरच्या मशीनवर आम्ही सरांच्या नजरेतून ते लावलं. समोर नुसती कोरी भिंत. आणि सरांच्या बंदुकीचा नेम त्या भिंतीवरून सावकाश सरकतोय, थांबतोय, परत सरकतोय. मग भिंत संपते तिथे एक माणूस बाहेर येतो आणि तत्क्षणी मरतो. पुन्हा भिंत, पुन्हा तेच. सरांना भिंतीपलीकडची माणसं दिसत होती. खिशातला पेनड्राइव्ह त्यासाठीच होता.

तेवढ्यात सर स्वतःच जिना चढून आले.

आतेभावाने विचारलं, "सर, हे काय आहे?"

"नेट स्लो असलं की रेकॉर्डिंग असं दिसतं."

"मग आमचं कुणाचं तसं का नाही दिसत?" मी म्हटलं.

"तू मध्ये बोलू नकोस गो."

मग ते हसले. "अरे, गेमच आहे शेवटी. एवढं काय? तुम्हाला जिंकायचं होतं ना? जिंकलात ना?"

"माझ्यावर आळ घेतलात, तेव्हाही हे चालूच होतं?"

त्यांनी मनगटावरच्या घड्याळात बघितलं. "मला क्लासला जायचंय," म्हणाले आणि खाली उतरले. त्या दिवशी क्लासला सुट्टी होती.

मला वाटलं होतं आपल्याला राग येईल. आला नाही. रागवायला समोर माणूस थोडा तरी मोठा लागतो. हा नववीतल्या पोरांना फसवून जिंकायचा आणि त्यावर छाती फुगवायचा. पैसे नाहीत, बक्षीस नाही, काही नाही. मिळत होतं काय, तर पोरांची वाहवा.

बंदी उठली नाही. आतेभावाने पुण्याला गयावया करून लिहिलं, पण ते लोक आमच्यावर परत विश्वास ठेवायला तयार नव्हते, आणि त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. पोरं एकेक करून यायची थांबली. आतेभावाने माझी माफी वगैरे मागितली नाही, पण नंतर कितीतरी दिवस घरी मला कुणी काही बोललं की तो माझ्या बाजूने भांडायचा. सरांना मात्र कॅफेत मज्जाव झाला नाही. काका म्हणाले, "गिऱ्हाईक आहे, कसा नाही म्हणू?" फक्त त्यांच्याबरोबर खेळायला कुणी बसेना.

परीक्षा संपल्यावर एका दुपारी मी प्रिंट काढायला तिथे गेले. कॅफे रिकामा होता. प्रिंटरशेजारच्या मशीनवर सर एकटेच खेळत होते, कॉम्प्युटरच्या स्वतःच्या खेळाडूंशी. समोर माणूस नव्हताच. तरी त्यांच्या स्क्रीनवर भिंतीआडून लाल आकृत्या चालताना दिसत होत्या. ते चालूच होतं.

मला बघून त्यांनी घाईघाईने स्क्रीनवरचा खेळ बंद केला.

"काय गो, पेपर कसे गेले?"

"बरे गेले," म्हटलं, कागद उचलला आणि काकांचे पैसे देऊन खाली आले.