पुतळाबाईच्या चपला बँकॉकच्या रांगेत

रॉकेलच्या रांगेत माणूस उभा राहतो तो दुसरीकडे. भिवंडीत उभा राहतो तो डबा. डबा नसेल तर वीट, वीट नसेल तर चप्पल. माणूस तोवर घरी जाऊन भाकऱ्या थापतो, पोरांना न्हाऊ घालतो, शेजारणीशी राहिलेलं भांडण पुरं करतो, आणि दुकानाचं शटर वर गेलं की आपल्या चपलेच्या जागी येऊन उभा राहतो. ज्यांना हा अडाणीपणा वाटतो त्यांनी आधी लूमवर दिवसपाळी करावी, मग रेशनच्या दुकानासमोर पाय मोडेस्तोवर उभं राहावं, आणि मगच तोंड उघडावं.

हा कायदा कुठे लिहिलेला नव्हता. तो पुतळाबाईच्या तोंडात होता, आणि तिच्या तोंडापुढे लिहिलेले कायदेही फार वेळ टिकत नसत. कुणी दुसऱ्याची वीट सरकवली की पुतळाबाई पदर खोचून पुढे व्हायची. "माणूस न्हाय तर काय झालं, त्याची चप्पल हाय ना? चपलेला हात लावला म्हंजी माणसाला हात लावला." एकदा दुकानदाराने पोलीस बोलावला. पोलिसाने सगळं ऐकून घेतलं आणि जाताना स्वतःचा डबा रांगेत ठेवून गेला.

खुर्शीदची आणि तिची ओळख याच रांगेतली. खुर्शीद लूमवाल्या घरातली, मऊ बोलणारी; तिचा डबा कुणीही मागे ढकलायचं. पुतळाबाईने तो उचलून पुढे ठेवला आणि वर तिलाच झापलं, "तुला वाचा हाय का न्हाय गं?" तेव्हापासून वीस वर्षं पुतळाबाई बोलत होती आणि खुर्शीद "पुतळे, हळू ना, लोक बघतात" एवढंच म्हणत होती.

२००७ साली खुर्शीदवर बँकॉकला जायची वेळ आली. तिची मुलगी रमशा तिथे राहायची. जावई इम्रान तिथल्या कापडबाजारात कामाला. रमशाचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं. तेव्हा खुर्शीदकडे पासपोर्ट नव्हता, लेक परक्या मुलखात एकटी रडली आणि आईने फोनच्या रिसीव्हरला कान लावून ऐकलं. आता दुसरं होतं. इम्रानचा फोन आला की डॉक्टरांनी तारीख अलीकडे आणली आहे, पोट फाडूनच काढणार, आणि रमशाने एकच हट्ट धरला आहे: अम्मी आल्याशिवाय मी आत जाणार नाही.

खुर्शीदचा भाऊ सादिक बरोबर जाणार होता, तो ऐनवेळी काविळीने आडवा झाला. खुर्शीद भिवंडीच्या बाहेर कधी एकटी गेली नव्हती. पुतळाबाई म्हणाली, "मी येतंय."

"तुझ्याकडे पासपोर्ट?"

होता. पुतळाबाईची जमीन भिवंडीजवळच्या कोन गावात, आणि त्या वर्षांत त्या बाजूला जमीन गोदामाला गेली की घरात दोन वस्तू यायच्याच: दारात मोठी गाडी आणि कपाटात पासपोर्ट. गाडी पोराने फिरवली. पासपोर्ट साड्यांच्या घडीत कोराच पडून होता.

थायलंडचा व्हिसा तिथे उतरल्यावर मिळतो, हे इम्रानने फोनवर तीनदा समजावलं. फॉर्म, फोटो, परतीचं तिकीट, आणि त्यांच्या देशात राहण्याइतके पैसे जवळ आहेत हे दाखवायचं. पुतळाबाईला हे शेवटचं खटकलं. "पैसं बगून घरात घेतात तो कसला पाव्हना? आमी हळदीला आख्ख्या गावाला जेवू घालतो, खिसं तपासतो काय कुनाचं?" पण नोटा तिने कमरेच्या पिशवीत घातल्या.

विमान सकाळी उतरलं. ऑपरेशन दुपारच्या आत होतं. आणि व्हिसाच्या काउंटरसमोर रांग एवढी, की टोक दिसेना. त्यांच्या आधी दोन विमानं उतरली होती. खुर्शीदच्या गुडघ्यांना सूज, रात्रभर बसून पाय खांबासारखे झालेले. पुतळाबाईने रांग एकदा नजरेने मोजून घेतली. मग जे वीस वर्षं केलं तेच केलं. हातातली बॅग रांगेत ठेवली, तिच्यामागे आपल्या चपला, त्यांच्यामागे खुर्शीदच्या.

"पुतळे, हा परदेश आहे."

"परदेशात काय लोकांचं पाय दुखत न्हाईत? चल, बस."

दोघी खांबाआड बाकावर बसल्या, अनवाणी.

गंमत म्हणजे पद्धत चालली. मागे नाशिककडच्या बायाबापड्यांचा एक टूरग्रूप होता. त्यांनी चपला बघितल्या आणि त्यांना लगेच उमगलं. रांग सरकली की एक आजी पायाने बॅग पुढे लोटायची, दुसरी चपला, आणि असं करत बॅग थेट काउंटरजवळ पोहोचली. खुर्शीदही थोडी सैलावली. पण त्या ग्रूपचा टूर मॅनेजर होता सार्थक नावाचा, गळ्यात पट्टा, हातात झेंडी. त्याला परदेशाचे सगळे नियम पाठ होते आणि स्वदेशाचा एकही नाही. त्याने बेवारस बॅग पाहिली आणि जाऊन रक्षकाला सांगितलं.

शिट्ट्या वाजल्या. रक्षक धावले. बॅगेभोवती दोरी लागली, सगळी रांग मागे रेटली गेली, काउंटरवरच्या खिडक्या बंद झाल्या. मोकळ्या चकचकीत फरशीवर मधोमध एक निळी बॅग आणि चार चपला. जगातल्या चपलांना इतका मान क्वचित मिळाला असेल.

खुर्शीद पांढरी पडली. "बंद केलं गं. सगळं बंद केलं. माझी पोर तिथे दारात अडून बसली असेल."

 पुतळाबाई उठली आणि सरळ दोरीखालून आत शिरली.

रक्षक ओरडले. सार्थक त्यांच्याहून मोठ्याने ओरडला. "आजी, मागे व्हा, बॅगेत काहीही असू शकतं."

"आजी तुजी घरी असंल. आनि बॅगेत काय हाय ते मना विचार ना, मीच भरलीय."

"असं सामान सोडून जातात का? हे एअरपोर्ट आहे, तुमचा एसटी स्टँड नाही."

"एसटी स्टँडवर तुज्यासारखा चुगलीखोर एक दिवस टिकला नसता, बाबा."

नाशिकच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. तेवढ्यात एक अधिकारीण आली, ठेंगणी, कडक इस्त्रीची, नाकावर माशी बसू न देणारी. तिने इंग्रजीत विचारलं ही बॅग कुणाची. पुतळाबाईने छातीवर हात मारला. मग चपलेकडे बोट, मग स्वतःच्या पायाकडे, मग खांबाआडच्या खुर्शीदकडे, मग खुर्शीदच्या पायाकडे. अधिकारिणीने चारही अनवाणी पाय बघितले. खुर्शीदच्या सुजलेल्या घोट्यांवर तिची नजर जरा थांबली.

तिने बॅग उघडायची खूण केली.

पुतळाबाईने चेन ओढली. वर हळिवाचे लाडू, खाली बाळंतिणीसाठी मुशीची सुकी मासळी, दूध भरपूर यावं म्हणून. चार कागदांत आणि दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळूनही मुशी ती मुशीच. वास दरवळत गेला. सार्थकने नाकाला रुमाल लावला. दोन गोरे पर्यटक आणखी मागे सरले. अधिकारीण मात्र वाकली, पुडीपाशी नाक नेलं, आणि त्या इस्त्रीच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. समुद्राकाठचीच असणार, सुक्या मासळीला नाक मुरडायचं तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिने बोटाने विचारलं, कुणासाठी?

आणि इथे मऊ बोलणारी खुर्शीद दोरीपाशी आली. तिने दोन्ही हात जोडून पाळण्यासारखे हलवले, पोटावरून आडवी रेघ ओढली, मग मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटलं, पुन्हा, पुन्हा. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात थांबत नव्हता.

अधिकारीण काही बोलली. दोरी निघाली. रांग पुन्हा पुढे यायला लागली तेव्हा प्रश्न आला, पहिलं कोण? सार्थकने झेंडी वर केली. त्याच्याच ग्रूपमधल्या आजीने ती धरून खाली ओढली. "नंबर त्यांचा आहे रे. आम्ही सगळ्यांनी बघितलाय." मागून पंधरावीस बायकांनी ग्वाही दिली. थाई बाईला मराठी कळली नसेल, पण इतक्या बायका एकदम बोलल्या की कुठल्याही देशातला माणूस समजून घेतो.

खुर्शीदचा शिक्का पडला, पुतळाबाईचा पडला. त्याआधी पैसे दाखवा म्हटल्यावर पुतळाबाईने कमरेची पिशवी बाहेर ओढली आणि काउंटरवर अशी ठेवली की बघणाऱ्याने नजर खाली घालावी.

बाहेर टॅक्सीवाल्याने इम्रानने थाई अक्षरांत लिहून पाठवलेला पत्ता वाचला, मान हलवली, सामान टाकलं. खुर्शीद आत बसली. पुतळाबाई दार धरून उभी.

"बस की."

"थांब गं. पाठी अजून एक जनाची जागा हाय, पुढं एक. एवढी मोठी गाडी दोगींसाठी? माज आलाय काय आपल्याला?" आणि कल्याण नाक्यावर शेअर रिक्षावाले घालतात तशी तिने हाळी घातली. "हॉस्पिटल, हॉस्पिटल, हॉस्पिटल!"

एक उंच गोरा, पाठीवर पोतं, खरोखरच जवळ आला आणि काहीतरी विचारू लागला. पुतळाबाईने त्याला पुढच्या सीटकडे हात केला. टॅक्सीवाला हतबल होऊन आकाशाकडे बघत राहिला.

तेव्हा गाडीतून आवाज आला. तो खुर्शीदचा आहे हे पुतळाबाईला क्षणभर कळलंच नाही.

"पुतळे! आज शेअर नाही. आज स्पेशल. बसतेस की तुला इथंच टाकून जाऊ?"

गोऱ्याने दोन पावलं मागे घेतली. पुतळाबाई मुकाट आत बसली. गाडी फ्लायओव्हरवर चढली, खाली शहर पसरत गेलं. तेव्हा ती पुटपुटली, "वाचा हाय गं तुला."

"होती," खुर्शीद खिडकीतून बघत म्हणाली. "तुझ्यापुढे वापरायला जागा कुठे मिळते?"

हॉस्पिटलात रमशा स्ट्रेचरवर होती, ऑपरेशनच्या खोलीच्या अगदी दारात. एका हाताने दाराची चौकट धरलेली. इम्रान विनवत होता, नर्स हलक्या हाताने बोटं सोडवत होती, आणि पोर मान हलवत होती. खुर्शीद धापा टाकत पोहोचली आणि चौकटीवरच्या त्या हातावर तिने आपला हात ठेवला.

रमशाने आईकडे बघितलं. मग कपाळाला आठी घातली. "इतका उशीर, अम्मी?"

पुतळाबाईने तोंड उघडलं. चपला, दोरी, झेंडीवाला, सगळं ओठांवर आलं होतं. खुर्शीदने मागे न बघता तिच्या दंडाला करकचून चिमटा काढला.

"ट्रॅफिक होता, बेटा," ती म्हणाली.

रमशाने चौकट सोडली. स्ट्रेचर आत गेलं, दार मिटलं. इम्रान भिंतीला टेकून उभा राहिला. खुर्शीद ओठ हलवत दुआ मागत होती. पुतळाबाई दंड चोळत बाकावर बसली आणि भिवंडीत कुणाचा विश्वास बसला नसता इतका वेळ गप्प राहिली.

मग दाराआडून रडणं ऐकू आलं. बारीक नाही, भसाडं, संतापलेलं, दार फोडून येणारं. इम्रानने तोंड ओंजळीत धरलं. खुर्शीदची दुआ तशीच अर्ध्यावर राहिली.

पुतळाबाईने कान देऊन पुरतं ऐकलं, पारखून घेतलं.

"पोरगी हाय," ती म्हणाली. "आनि गप बसनारी न्हाय."