नव्या आईचा सब्जा

वडिलांनी दुसरं लग्न केलं तेव्हा मी अकरा वर्षांची होते आणि नवी आई सतराची. निजामाचा अंमल होता. वडील परतूरच्या तहसिलीत पेशकार, म्हणजे तहसीलदाराच्या हाताखालचे कारकून होते. घरात हुकूम चालायचा माझ्या विधवा आत्याचा. नवी आई मंठ्याकडची. येताना तिनं पदराच्या गाठीत सब्ज्याचं बी आणलं होतं. मृगात तिनं न्हाणीमागं वाफा केला आणि राखेत कालवून बी टाकलं. झाडं गुडघ्याएवढी झाली. त्यांचा वास तिच्या हातांना यायचा, त्याच हातांनी ती माझी वेणी घालायची. माझी आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. मला तो वास सहन व्हायचा नाही.

श्रावणात एका दुपारी मी सगळ्या झाडांचे शेंडे खुडून टाकले. आठ-दहा दिवसांत एकेका शेंड्याखालून दोन-दोन फांद्या फुटल्या. नवी आई हरखली. "कुणी खुडलं गं? बराबर केलं. आता बी भरपूर येईल." माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

आश्विनात मंजिऱ्या भरल्या. कापून वाळवायला अजून पंधरा दिवस होते. त्याच सुमारास नव्या आईचा तीन महिन्यांचा गर्भ पडला. ती आत निजून होती. मी हंड्यातलं कढत पाणी तांब्यानं एकेका झाडाच्या बुडाशी ओतलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या झाडांनी माना टाकल्या.

आत्या तिथं उभी राहून मोठ्यानं म्हणाली, "हिच्या हाताला यश न्हाई अन् कुशीलाबी न्हाई." वडील ओसरीवर होते. त्यांनी ऐकलं आणि ते कचेरीचे कागद चाळत राहिले.

नवी आई भिंतीला धरत बाहेर आली. तिनं माती चाचपली, मग माझ्याकडं पाहिलं. माझ्या पायावर पाणी उडून फोड आला होता. ती तशीच आत परतली. त्या दिवसापासून तिनं माझी वेणी घालणं बंद केलं.

दिवाळी होऊन महिना झाला तरी केसांना कुणी हात लावला नाही. उवा झाल्या. आत्यानं न्हावी बोलावला. मी रडत होते, हातपाय झाडत होते. नव्या आईनं माझं डोकं दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरलं. वस्तरा फिरत असताना ती माझ्या कानाशी म्हणाली, "मी तुझं नाव सांगितलं असतं तर सावत्र आईचं कुणी खरं मानलं असतं? मंग बसले गप."

तिला पुढं मूल झालं नाही. आत्याचं ते वाक्य गल्लीभर झालं. बायका तिला लोणच्याच्या बरणीलाही हात लावू द्यायच्या नाहीत.

सात वर्षांनी, लग्नानंतर पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा, मी ओटीभरणासाठी माहेरी आले. नवी आई नारळ घेऊन पुढं झाली, तशी आत्या म्हणाली, "तू राहू दे. तुझा हात नको."

नव्या आईनं नारळ ताटात परत ठेवला आणि ती दाराआड झाली. खरं सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं. सगळ्या बायका माझ्याकडं बघत होत्या. मी पदर सावरला आणि पुढच्या बाईसमोर ओटी धरली.