बरडावर उगवलेल्या चांदण्या

वेधशाळा बघायला कोणी आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, दुर्बीण केवढी आहे? आम्ही आकार सांगतो, पाहुणा मान हलवतो, आणि तेवढ्यात आमच्यातलं कोणीतरी म्हणतं, "अहो, पण तिचा आरसा एसटीतून कसा आला, माहीत आहे का?" झालं! एकातून दुसरा किस्सा निघतो, चहा दोनदा होतो आणि पाहुणा दुर्बिणीपर्यंत पोचतच नाही. गप्पांचं हे असंच असतं. बांधकामातून उरलेली वाळू पडून राहते, तसे किस्से पडून राहिलेत. उचलून टाकावेत असं कोणालाच वाटत नाही.

माझं शहरात, औरंगपुऱ्यात चष्म्यांचं दुकान आहे. भालेराव सर माझे जुने गिऱ्हाईक. जिल्हा परिषदेच्या शाळांमधून विज्ञान शिकवता शिकवता निवृत्त झाले. एकदा फ्रेम बदलायला आले आणि भिंगांवर बोलत बसले ते शटर ओढायची वेळ होईपर्यंत. त्यांच्या मनात एकच होतं. शहराच्या उजेडापासून लांब, सोयगावच्या बाजूला एखाद्या टेकाडावर अशी जागा करायची, की कोणीही यावं आणि आभाळ बघावं. कंपनीची नाही, सरकारची नाही, गावाची जागा. मला वाटलं, निवृत्त माणूस आहे, बोलतोय. पुढच्या रविवारी मी त्यांच्या घरी काच घासत बसलो होतो!

*

दुर्बिणीचा आरसा सरांनी स्वतः घडवला. महिनोन्‌महिने एका ड्रमभोवती फिरत घासायचं काम. मी, माझा भाचा, सरांचे जुने विद्यार्थी, जो येईल त्याच्या हातात काच. शेवटी त्यावर चकाकीचा थर चढवायला तो पुण्याला नेला आणि तयार झाल्यावर आम्ही एसटीनं परत निघालो. लाकडी पेटी सरांच्या मांडीवर. वर ठेवायला ते तयार नाहीत, खाली ठेवायलाही नाहीत.

कंडक्टरला संशय आला. पेटीत काय आहे? सर म्हणाले, आरसा. कंडक्टर म्हणाला, आरशाला एवढं कोण जपतं, उघडून दाखवा. आता या थरावर थुंकीचा शिंतोडा उडाला तरी डाग पडतो. सरांनी उभं राहून सगळ्या गाडीला विनंती केली, की मिनिटभर कोणी शिंकू नका, खोकू नका. आणि खरंच, अख्ख्या एसटीनं श्वास रोखला. कंडक्टरनं तोंडाला रुमाल बांधला आणि वाकून पाहिलं. आरसा खोलगट, त्यामुळं त्याचा चेहरा चांगला मोठा दिसला. तो बराच वेळ स्वतःकडं बघत राहिला. मग त्यानं विचारलं, यातून काय बघणार? सर म्हणाले, चंद्र, ग्रह, तारे.

कंडक्टरनं हलक्या हातानं झाकण लावलं आणि पुढं ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, "पाटील, खड्डे बघून घ्या. आपल्या गाडीत चंद्र चाललाय."

*

जागेसाठी आम्ही अजिंठ्याच्या पलीकडची बरीच गावं फिरलो. एका गावाबाहेर टेकाड सापडलं, चहूबाजूंनी मोकळं. मालक शेषराव काका. जमीन म्हणजे नुसतं बरड, मुरूम आणि दगड. पण गावात बातमी पसरली की शहरातले लोक मोबाईलचा टॉवर उभा करायला आलेत. ग्रामसभेत नामदेव अण्णा नावाचे शेतकरी सगळ्यांत मोठ्यानं बोलले. त्यांचं म्हणणं, आधी दुर्बीण म्हणतील, मग तारेचं कुंपण घालतील, मग आपल्यालाच आत सोडणार नाहीत. सरांनी वाद घातला नाही. संध्याकाळी देवळापुढच्या पटांगणात त्यांनी आपली जुनी छोटी दुर्बीण लावली आणि चंद्र दाखवला.

शेषराव काकांनी डोळा लावला आणि तडक घरी निघून गेले. आम्हाला वाटलं, आटोपलं. थोड्या वेळानं ते कौसल्या काकूंना घेऊन परत आले. काकू लग्न होऊन आल्यापासून नवऱ्याबरोबर अशा कधी पटांगणात आल्या नव्हत्या, असं नंतर कोणीतरी सांगितलं. काकूंनी पाहिलं आणि डोक्यावरचा पदर सारखा केला. जणू समोर कोणी मोठं माणूस बसलं होतं.

दुसऱ्या दिवशी काकांनी जागा दिली. सरांनी त्यांना पुन्हा पुन्हा विचारलं, नीट विचार केलाय ना? घरात बोललात ना?

काका म्हणाले, "त्या बरडावर आजवर काय बी उगवलं नाय. तुमच्या चांदण्या उगवत्यात का बघा."

*

घुमट रफिकभाईंनी केला. शहरात त्यांचं शटर आणि धान्याच्या कोठ्या बनवायचं वर्कशॉप आहे. घुमट त्यांनी कधी केला नव्हता, पण सरांचं चित्र पाहून म्हणाले, कोठीच आहे, फक्त झाकण फिरतं ठेवायचं. तयार घुमट ट्रकवर उलटा ठेवून आम्ही निघालो. रस्ताभर लोक विचारत होते, एवढी मोठी कढई कुठल्या भंडाऱ्याला? फुलंब्रीला चहाच्या टपरीवर एकानं फारच चौकशी केली, तेव्हा रफिकभाई म्हणाले, "हौ भाई, आसमान का भंडारा है. तुम बी आव."

गावाच्या कमानीशी मात्र ट्रक अडला. घुमट कमानीपेक्षा रुंद होता. सरपंच म्हणाले, कमानीची एक बाजू फोडू. सर म्हणाले, गावाची कमान आमच्यासाठी फोडायची नाही. रफिकभाई म्हणाले, मग घुमट कापतो. हे म्हणताना त्यांचा चेहरा बघवत नव्हता. बाजूनं जायला वाट होती, पण ती उभ्या कपाशीतून, आणि शेत नेमकं नामदेव अण्णांचं. त्यांना विचारायला कोणी धजेना.

अण्णा बांधावर उभे राहून सगळं ऐकत होते. ते खाली उतरले आणि आपल्या हातानं काट्यांचं कुंपण बाजूला ओढायला लागले. सर घाईघाईनं म्हणाले, अण्णा, कपाशी तुडवली जाईल.

"कपाशी पुढच्या साली बी येईल," अण्णा म्हणाले. "घुमट काय रोज येतो?"

गावातल्या लोकांनी घुमट ट्रकवरून उतरवून खांद्यावर घेतला. मधे थांबून घुमटात मारुतीचा जयजयकार झाला, कारण आवाज घुमत होता!

*

यातला एक किस्सा सर स्वतः सांगतात. आम्ही टाळतो, पण ते टाळू देत नाहीत.

वेधशाळा उभी राहिली तेव्हाच गावात नवे एलईडी दिवे आले. टेकाडावरून बघितलं तर खालून नुसता पांढरा झगझगाट. दिवे थोडे कमी करता येतील का, हे विचारायला आम्ही सगळ्यांत आधी बौद्ध वस्तीत गेलो, कारण सरांना तिथं घरच्यासारखं वाटायचं. लताताई साळवे अंगणात भांडी घासत होत्या. त्यांनी आमचं सगळं ऐकून घेतलं, हात धुतले, सरांना बसायला खुर्ची दिली आणि मग बोलल्या.

"सर, आमच्या वस्तीला दिवा सगळ्यांत शेवटी आला. अन् अंधार मागायला तुम्ही सगळ्यांत आधी आमच्याकडंच आलात?"

सर उभे राहिले, हात जोडले, चुकलो म्हणाले. परतताना सिल्लोडला म्हणाले, दिवा बंद नाही करायचा. त्याला टोपी घालायची.

रफिकभाईंनी पत्र्याच्या टोप्या केल्या. उजेड वर न जाता सगळा रस्त्यावर पडेल अशा. पहिल्या टोप्या सरपंचांच्या गल्लीत बसवल्या. संध्याकाळी लताताई मुद्दाम बघायला आल्या. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालल्या. रस्ता आधीपेक्षा उजळ होता आणि डोळ्यांवर तिरीप येत नव्हती. त्यांनी विचारलं, आमच्या दिव्यांना कवा बसवणार? सर म्हणाले, तुम्ही म्हणाल तेव्हा.

"मग उद्याच बसवा. अन् वर काय बघता ते आम्हाला बी दाखवा."

आज वेधशाळेची किल्ली त्यांच्याकडं असते. शनिवारी लोक येतात तेव्हा दुर्बीण त्याच लावतात, आणि रांगेत कोणी पुढं घुसलं तर सरळ मागं पाठवतात, मग तो सरपंच का असेना.

*

एकदा लासूर स्टेशनहून एक बाई आपल्या मुलीला घेऊन आल्या. इथं ग्रहांची शांत करतात का, असं त्यांनी बाहेरच कौसल्या काकूंना विचारलं. मुलीला मंगळ होता, स्थळं परत जात होती. काकू म्हणाल्या, शांत करत नाहीत, पण भेट होते. आत जाऊन लताताईंना सांगितलं, हिला मंगळ दाखवा.

मुलीनं पाहिलं. तांबूस, इवलासा ठिपका, जरासा थरथरणारा. तिनं डोळा बाजूला घेतला, परत लावला.

"आई," ती म्हणाली, "हा तर बिचारा एकटाच हाय."

माय-लेकी काकूंकडं जेवून गेल्या. पुढं त्या मुलीनं बी.एस्सी.ला नाव घातलं. स्थळाचं काय झालं, ते आम्ही विचारलं नाही.

*

सरांच्या डोळ्यांचं सगळ्यांत आधी मला कळलं. दुकानात मी नंबर बदलून बदलून पाहिले, पण दोष नंबरात नव्हता, आतल्या पडद्यात होता. मोठ्या डॉक्टरांनीही सांगितलं की गेलेली नजर परत येणार नाही, आणि आहे तीही हळूहळू जाईल. कोणाला सांगू नकोस, असं सरांनी मला बजावलं. मी सांगितलं नाही. पण सर पायऱ्या चढताना आधी पावलानं चाचपून बघायला लागले आणि टेकाडावर सगळ्यांना समजलं. त्याबद्दल कोणी बोललं मात्र नाही.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी आम्ही घरचेच जमलो होतो. काका, काकू, लताताई, रफिकभाई आणि मी. आभाळ धुतल्यासारखं होतं. लताताईंनी शनी लावला आणि म्हणाल्या, सर, आधी तुम्ही.

आमच्या दुर्बिणीला मोटर नाही. पृथ्वी फिरत असते, त्यामुळं ग्रह हळूहळू सरकत नजरेबाहेर जातो आणि नळी हातानं ढकलून त्याला परत धरावं लागतं. सरांनी डोळा लावला आणि तसेच उभे राहिले. किती वेळ गेला कोण जाणे. कोणी घाई केली नाही. मग ते सरळ झाले आणि म्हणाले, "वा. कडं किती स्वच्छ दिसतंय." रफिकभाईंनी त्यांचा हात धरून त्यांना खुर्चीवर बसवलं.

लताताई वाकल्या. त्यांचा हात सवयीनं नळीकडं गेला आणि मधेच थांबला. नळी तशीच सोडून त्या बाजूला झाल्या.

"व्हय सर," त्या म्हणाल्या. "लई साफ हाय आज."

मग मी पाहिलं. आत काळोख होता आणि कडेला एक फिकट तारा. मी म्हणालो, सुरेख. रफिकभाईंनी पाहिलं आणि माशाल्ला म्हणाले. शेषराव काकांनी डोळा लावला, माझ्याकडं बघितलं, पुन्हा डोळा लावला आणि म्हणाले, असा शनी आजवर बघितला नाय. कौसल्या काकूंना वाकायला त्रास होतो, तरी त्या वाकल्या. त्यांना तो कड्यासकट दिसला.

सर खुर्चीत बसून एकेकाचं ऐकत होते. सगळ्यांचं बघून झाल्यावर त्यांनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली.

"लताताई," ते म्हणाले, "आता नळी जरा पश्चिमेकडं ढकला. तो केव्हाच निघून गेला असेल."