गडमुडशिंगीच्या गोठ्यात माझं स्पिरिट पकडलं गेलं, तेव्हा...

गडमुडशिंगीतल्या एका गोठ्यात, भर सकाळी, गावचे पोलीस पाटील माझ्या बाटलीचा वास घेत उभे होते. कोल्हापूर मुंबई राज्यात आलं होतं आणि दारूबंदी नवी नवी होती... आणि ती बाटली स्पिरिटची होती.

मी तेव्हा कोल्हापुरात एका कॉलेजात प्राणिशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होतो, वय चोवीस. आमच्या भागात स्प्रिंगटेलचे कोणकोणते प्रकार सापडतात ते शोधायचं काम विभागप्रमुख सरांनी माझ्याकडे दिलं होतं. स्प्रिंगटेल म्हणजे ओल्या मातीत, कुजक्या पाल्यात राहणारा मोहरीपेक्षाही बारीक जीव. पंख नाहीत, पण पोटाखाली दुमडलेली शेपटी सोडली की टुणकन उडतो. आमच्याकडे त्यांची नोंद कुणी केलीच नव्हती.

गडमुडशिंगीतल्या उसाचं कुजकं पाचट सायकलवरून कोल्हापूरला न्यायचो तर वाटेत ते तापायचं आणि निम्मे जीव मरायचे. म्हणून गावातच जागा शोधली. आक्काताई नावाच्या एका विधवा शेतकरीण बाईंनी गोठ्याचा कोपरा दिला. तिथं मी पत्र्याची नरसाळी टांगली... त्यात पाचट, वर कंदील, खाली स्पिरिटची बाटली. उबेला कंटाळून किडे खाली सरकतात आणि बाटलीत पडतात.

आता हे सगळं लांबून कसं दिसत असेल, ते माझ्या डोक्यातच आलं नाही...

गावात कुजबुज पहिल्या दिवसापासून होती. कुणी म्हणे मी जमिनी काढून घेणाऱ्या खात्याचा माणूस, म्हणून माती तपासतो. कुणी म्हणे गुप्तधन शोधतो. मी हसण्यावारी नेलं.

पण तिसऱ्या आठवड्यात माझ्याच मनात पाल चुकचुकली. गोठ्यातल्या कपाटात ठेवलेल्या भरलेल्या बाटलीचं बूच सैल होतं आणि स्पिरिट कमी झालं होतं. मी बाटलीवर पेन्सिलीनं रेघ मारून ठेवली... पुढच्या खेपेला स्पिरिट रेघेच्या दोन बोटं खाली!

माझा संशय सरळ आक्काताईंच्या दिरांवर गेला. मारुतराव. मी आलो की खांबाला टेकून तंबाखू मळत माझ्याकडे बघत राहायचे, एक शब्द बोलायचे नाहीत. हेच पीत असणार, असं मी ठरवूनच टाकलं.

ते स्पिरिट विषारी होतं. माणूस आंधळा झाला असता, मेलाही असता. सांगायला हवं होतं मी... पण जागा जाईल म्हणून गप्प बसलो. हे लिहितानाही लाज वाटते.

आणि मग ती सकाळ. आक्काताई आणि मारुतराव गोठ्याच्या दारातच उभे होते. पाटलांनी बूच लावलं आणि शांतपणे म्हणाले, "पावणं, परवाना हाय का?"

स्पिरिट किड्यांच्या कामासाठी आहे असं कॉलेजचं पत्र होतं, पण कोल्हापुरात, टेबलाच्या खणात. तसं सांगितलं तर पाटील म्हणाले, मग ठाण्यावर चला. नोकरी जाणार, घरी काय सांगू... आणि त्या घबराटीत मी मारुतरावांकडे बोट केलं. म्हटलं, माझं स्पिरिट चोरून कोण पितं ते आधी यांना विचारा.

मारुतरावांनी तंबाखू मळायचं थांबवलं. मान खाली घातली.

बोलल्या त्या आक्काताई. "त्यास्नी काय इचारतासा? बाटलीतलं मी काढलंय. मीच पाटलास्नी नेऊन दावलं."

त्या पुढं म्हणाल्या, "ह्यो वास मला ठावं हाय, मास्तर. असलंच कायबाय पिऊन माझा मालक गेला. माझ्या गोठ्यात भट्टी लागू देणार न्हाय."

पहिल्यांदा नेलेलं पाटलांना पटलं नव्हतं, म्हणून दुसऱ्यांदा नेलं होतं. स्वतःच्या घराची बदनामी होईल हे माहीत असूनही...

मी मूठभर पाचट पांढऱ्या कागदावर झटकलं आणि भिंग त्यांच्या हातात दिलं. कागदावर ठिपके टुणटुण उडायला लागले. त्या बराच वेळ वाकून बघत होत्या.

"एवढ्याशा किड्यासाठी कोल्लापुरास्नं सायकल हाणत येतासा व्हय?" एवढंच म्हणाल्या.

पाटलांनी बाटल्या ठेवून घेतल्या आणि मला पत्र आणायला सोडलं. दुपारपर्यंत मी पत्र घेऊन परत आलो. इंग्रजी पत्राचा अर्थ मी ओळीओळीनं सांगितला, त्यांनी शिक्का दोनदा निरखला आणि बाटल्या परत दिल्या.

आक्काताईंनी जागा काढून घेतली नाही. अट एकच... स्पिरिट त्यांच्या छपराखाली मुक्कामाला ठेवायचं नाही, लागेल तेवढं आणायचं आणि उरलेलं घेऊन जायचं. मी मान्य केलं.

मारुतरावांची माफी मागायला गेलो. तेच आधी म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. दारूच्या थेंबाला शिवलो न्हाय आजवर. भावाला बघिटलंय मी."

पुढच्या आठवड्यात ते ओढ्याकाठचा कुजका पाला ओल्या पोत्यात गुंडाळून घेऊन आले. न सांगता. त्यात निळसर झाक असलेला एक प्रकार निघाला, जो मला जिल्ह्यात दुसरीकडे कुठंच मिळाला नाही.

नमुन्याच्या बाटलीत घालायच्या चिठ्ठीवर जागेचं आणि गोळा करणाऱ्याचं नाव लिहायची पद्धत असते. त्या चिठ्ठीवर मी माझं नाव घातलं नाही, मारुतरावांचं घातलं... तेवढंच माझ्या हातात होतं.