काका रोज पेडल दाबायचे

नामदेवकाका आमच्या घरी आले की आधी स्वयंपाकघरात शिरून नळ पुसायचे. खिशातला रुमाल काढून तोटीवर दोन हात मारायचे आणि मग म्हणायचे, "आता टाक च्या, पोरी." मला असला राग यायचा! जणू आमच्या घरात कुणी काही पुसतच नाही. जमीन विकल्यावर त्यांनी चाकणच्या बाजूला धातूच्या मालाला पॉलिश करून मुलामा चढवायचं, प्लेटिंगचं शॉप टाकलं होतं. तिथल्या पोरांना दिवसभर एकच ऐकवायचे, "माल आसा चमकला पायजे, की त्यात बघून भांग पाडता यावा!"

पुनावळ्यात ते आमचे शेजारी आणि बाबांचे जिवलग दोस्त. बाबा कंपनीतली शिफ्ट सांभाळून ऑर्केस्ट्रात पेडल स्टील गिटार वाजवायचे. ही गिटार टेबलासारखी पायांवर आडवी असते. पायाने पेडल दाबलं की तार ताणली जाते आणि सूर घसरत वर जातो. तार जिथे वळते तिथल्या धातूच्या तुकड्यांना बाबांच्या गिटारीत तार घासून घासून खाचा पडल्या होत्या. त्यामुळे तिचा आवाज जरा दबका यायचा, गळा दाटून आल्यासारखा. बाबांचा सगळा जीव त्या आवाजात. ते रिटायर झाले, आई गेली, मग तर ते संध्याकाळभर वाजवत बसायचे आणि काका ऐकत.

एकदा एक स्क्रू ढिला झाला म्हणून बाबांनी गिटार काकांच्या शॉपवर दिली. काका ती घेऊन आले ते नवरदेवासारखे. "मास्तर, पार झिजल्ते वो तुकडे. सपाट क्येले, वर क्रोम चढावलं. वाजवा आता!"

बाबांनी वाजवली. ताटावर चमचा आपटावा तसा कोरडा, टोचरा आवाज. बाबा म्हणाले, "छान झालीय, नामदेवराव."

"खोटं नका बोलू. म्या रोज ऐकतोय." काका मटकन खालीच बसले. "वाट लावली म्या तुमच्या जिनसंची."

त्या दिवसापासून काकांची चमकवायची भाषा बंद. शेवटी बाबांनीच समजूत काढली, ते तुकडे पुन्हा झिजले की जुना आवाज येईल. फक्त पेडल भरपूर दाबायला हवं आणि बाबांचा गुडघा काही साथ देत नाही.

"मंग म्या दाबतो की!"

आणि खरंच, रोज संध्याकाळी काका गिटारीपुढे बसून पेडल दाबू लागले. सूर नाही, ताल नाही, नुसतं खटक-खटक. बाबा शेजारी बसून पेपर वाचून दाखवायचे, राजकारणावरून दोघांची जुंपायची. मी वाकडच्या ऑफिसातून थकून आले की घरात ही खटखट. अगदी वैताग! उठताना काका बाबांना वाजवायला लावायचे आणि विचारायचे, "आला का?"

"अजून थोडं, नामदेवराव."

"व्हय. आमचीच करणी, आमीच निस्तरायची." असं म्हणून मान खाली घालून जायचे. असं कितीतरी महिने चाललं.

मग एका सकाळी काका गेले. छातीत कळ आली, दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही.

तेरावा झाल्यावर बाबा पहिल्यांदा वाजवायला बसले. मी हातातलं काम सोडून बाहेर आले.

"बाबा, अहो, हा तर जुना आवाज!"

"हो."

"कधीपासून?"

"मागच्या दिवाळीपासून. तो असताना मी मुद्दाम नखाने, कोरडं वाजवायचो."

"आणि काकांना सांगितलं नाहीत?"

बाबांनी तारांवर हात ठेवला. "सांगितलं असतं तर रोज कशाला आला असता गं तो? तू उशिरा येतेस. दिवसभर बोलायला कोण असतं मला?" त्यांनी बाहीने डोळे पुसले. "तो मान खाली घालून जायचा आणि मी बघत बसायचो. फार वाईट केलं मी."

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. पण मी तरी रोज घरी येऊन काय करत होते? दार लावून फोन बघत होते.

तेवढ्यात शेजारून काकू दारात आल्या. गिटार ऐकूनच आल्या असाव्यात. चौकटीला धरून उभ्या राहिल्या.

"मास्तर, आला व्हय वो आवाज? ह्यांच्या जिवाला त्येच लागून ऱ्हायलं हुतं. आदल्या राती बी म्हणले, माज्या हातनं लई वंगाळ झालं."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घातली.

"आज आला, वहिनी."

काकू पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. "आरं द्येवा! थोडं आदी यायला काय झाल्तं त्याला?"